देवाला लावलेलं मेव्हण्याचं तोंड

नेपल्सच्या सान ग्रेगोरिओ गल्लीत ख्रिस्तजन्माच्या देखाव्यासाठी मातीच्या मूर्ती करणारे पुष्कळ होते, पण आन्येल्लोइतका चोर त्यांत एकही नव्हता. तो तोंडं चोरायचा. मेंढ्या, खेचरं, कलिंगडाच्या फोडी, मेंढपाळांच्या पायांतल्या वहाणा, हे सगळं त्याला डोळे मिटून जमे. चेहरा मात्र मनानं करायला बसला की त्याचा बटाटा व्हायचा. त्याला समोर जिवंत माणूस लागे. तो माणूस बायकोशी भांडत असो की नाक शिंकरत असो, आन्येल्लोचा अंगठा एप्रनच्या खिशातल्या मातीच्या गोळ्यावर चालू झालेला असे.

"मास्तर, आधी खिशातला हात बाहेर काढा, मग माझ्याशी बोला," असं शेजारची तूता मावशी त्याला चारचौघांत म्हणायची. नवख्या गिऱ्हाइकाला त्यात भलताच अर्थ लागे, आणि तो लागावा अशीच तूता मावशीची इच्छा असे. तिचं दुकान देखाव्याला लागणाऱ्या बुचाच्या साली आणि वाळलेल्या शेवाळाचं. ती स्वतः आन्येल्लोच्या देखाव्यात ओढ्यावर कपडे धुणारी बाई होऊन बसली होती. पाववाल्याचा म्हातारा बाप बाळ येशूला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपैकी एक झाला होता, त्यामुळे ते घर अजून गल्लीत मान वर करून चालायचं. कोपऱ्यावरच्या चर्चच्या पाद्रीबाबांना, मरियेला जागा नाही म्हणून हाकलून देणाऱ्या धर्मशाळावाल्याचं तोंड मिळालं होतं. त्यांनी पुढच्या रविवारी नाव न घेता चोरीवर लांबलचक प्रवचन दिलं.

आन्येल्लो अनाथ. लहानपणी तो या गल्लीत माती मळायला आला आणि मालकाच्या मुलीशी, मफाल्दाशी, लग्न करून दुकानाचा मालक झाला. सासरा मरेपर्यंत सांगत होता, "याला तोंड काढता येत नाही हे ठाऊक असून मी मुलगी दिली. माझ्यासारखा दानशूर शोधून सापडणार नाही."

मफाल्दाबरोबर पदरात आला तिचा धाकटा भाऊ सोसिओ.

सोसिओ बंदरावर पेट्या उचलायचा आणि सुटी झाली की प्यायचा. आपल्या भाषेत म्हणायचं तर त्याच्या नावातच सोस होता. पण पिऊन भांडणाऱ्यांतला तो नव्हे. तो प्यायला की हसायचा, आणि त्याचं हसणं पोटातून सुरू होऊन गळ्यापर्यंत येईतो बाकीच्यांनी घास खाली ठेवलेले असत. एकदा नाताळच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं चालू असताना, तो वाइनचा चंबू घेऊन खुर्चीवर चढला. पाद्रीबाबा चोरीवर कसे बोलले त्याची नक्कल करता करता त्याला स्वतःलाच हसू फुटलं. मान मागे टाकलेली, शर्टाची बटणं सुटलेली, चंबू वर, गाल बीटासारखे लाल. टेबलाखाली आन्येल्लोचा अंगठा चालू झाला.

त्या मातीतून चिच्ची बाक्को झाला.

देखाव्यात बाळ येशू येतो नाताळच्या आदल्या रात्री. चिच्ची बाक्को मात्र पहिल्या दिवसापासून पिंपांच्या गाडीवर बसलेला असतो. हा मुळातला जुना दारूचा देव. देवळं पडली, भक्त फिरले, तेव्हा तो बैलगाडीत बसून गुपचूप नव्या देवाच्या दारात येऊन राहिला. इतका हसतमुख, की त्याला हाकलायचं कुणाच्याच जिवावर आलं नाही. नेपल्समध्ये गरिबातल्या गरिबाच्या देखाव्यातही तो असतोच. आणि देखाव्याच्या दुसऱ्या टोकाला, अगदी वर, डोंगराच्या कपारीत असतो बेनिनो, झोपलेला मेंढपाळ. हा सगळा देखावा म्हणजे बेनिनोला पडलेलं स्वप्न. त्याला उठवलं की संपलं, तारा नाही, गोठा नाही, काही नाही. म्हणून बायका धूळ झटकताना बेनिनोच्या आसपास पीसदेखील जपून फिरवतात.

सोसिओनं आपली मूर्ती पाहिली आणि तिचा मुका घेतला. ओला रंग ओठांना लागला.

"दाजी, मला देव केलंत!" तो गल्लीभर ओरडत सुटला. "ए तूता मावशी, उठून उभी राहा! देव चाललाय!"

"देव झालास तर आधी माझी उधार नेलेली शिडी परत कर," तूता मावशी म्हणाली.

मूर्ती खपली. पुढच्या वर्षी जास्त खपली. इतका हसरा बाक्को कुणी पाहिलाच नव्हता. आन्येल्लोनं तिचा प्लास्टरचा साचा केला आणि मग सोसिओ घरोघर गेला. दुकानाला नवं छत आलं, मफाल्दाला हिवाळ्याचा कोट आला. आणि सोसिओला जे आलं, त्याचा हिशेब आन्येल्लोला पुढे आयुष्यभर लागला नाही.

झालं असं, की त्या गल्लीत एक रीत आहे. मूर्तीचा जिवंत माणूस रस्त्यात भेटला तर त्याला त्याचा मान द्यायचा. राजाच्या हाताचं चुंबन घ्यायचं. धुणारणीला मळका रुमाल द्यायचा, म्हणजे घरातली पीडा धुऊन जाते. आणि चिच्ची बाक्कोला काय द्यायचं, हे सांगायला पाद्री लागत नाही. त्यानं तुमच्या हातचा पेला रिकामा केला तर तुमच्या घरचं पिंप वर्षभर भरलेलं. आणि नको म्हणाला तर? तर समोरचा माणूस पांढराफटक पडून, अपशकुन टळावा म्हणून, लोखंड शोधायचा हात लावायला.

सोसिओ कुणाला नको म्हणत नसे. त्याचा स्वभावच तसा. दर नोव्हेंबरात दाराशी पेले उभे राहायचे. सुरुवातीला वाइनचे, मग ज्यांना जास्त पुण्य हवं असे त्यांचे, कडक. काही वर्षांतच नाताळ फेब्रुवारीपर्यंत लांबू लागला. मग जूनपर्यंत. बंदरावरच्या मुकादमानं एक दिवस त्याला घरी पाठवलं आणि परत बोलावलं नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी, सालेर्नोला गेली. हसणं मात्र होतं तसंच, साच्यात.

मफाल्दा नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, आन्येल्लोकडे उत्तरं तयार होती: तो आधीपासून पीत होता, मी काय चंबू त्याच्या तोंडाला लावला, रीत मी पाडली नाही. पण विचारायलाच कुणी तयार नाही, तर उत्तरं सांगायची कुणाला? मफाल्दा फक्त दरवर्षी घरचा देखावा मांडताना चिच्ची बाक्कोला पाठमोरा ठेवायची. पाहुण्यांना वाटे चुकून झालं. कुणी सरळ करायला हात पुढे केला की ती म्हणे, "राहू दे, त्याला तिकडचं दिसतंय."

आणि आन्येल्लो, ज्याचं सगळं पोट लोकांच्या तोंडाकडे बघण्यावर, तो त्या वेळी ताटात बघायचा.

एका वर्षी उन्हाळ्यात सोसिओ बंदराच्या पायऱ्यांवरून पडला. हाडं जुळली, पण आतलं बघून डॉक्टर म्हणाला, "आणखी एक पेला प्यायचा असेल तर आधी शवपेटीचं माप देऊन या." सोसिओ डोळ्यांत पिवळेपणा घेऊन घरी आला आणि दुकानामागच्या खोलीत राहू लागला. त्यानं खरंच सोडली. उन्हाळा गेला, द्राक्षांची तोडणी गेली, त्यानं थेंब घेतला नाही. दिवसभर आन्येल्लोच्या मेंढ्यांना खुर लावत बसायचा. हसायचा मात्र नाही. हसायला लागतं ते पोटच राहिलं नव्हतं.

मग नोव्हेंबर आला.

एका संध्याकाळी सोसिओ सिगारेट आणायला गेला आणि बऱ्याच वेळानं परतला. दारातूनच वास आला. मफाल्दा चुलीपाशी होती. ती आली आणि तिनं भावाच्या थोबाडीत मारली.

"लाज नाही वाटत? मेल्या, मी नवस बोलले होते! अनवाणी जाणार होते मी पोम्पेच्या मरियामाउलीला!"

सोसिओ गाल चोळत उभा राहिला. मग त्यानं गळ्यातला मफलर सोडला आणि बेसिनवर पिळला. लाल धार लागली. पुन्हा पिळला, पुन्हा धार.

"पाववाल्याकडं एक, कोपऱ्यावर दोन, चर्चच्या पायरीवर एक," तो म्हणाला. "नाही म्हणता येत नाही गं, तायडे. त्या पाववाल्याची सून पोटुशी आहे. मी नको म्हटलं असतं तर तिनं रात्रभर काय काय मनात आणलं असतं. म्हणून तोंडापाशी नेला आणि इकडं ओतला." त्यानं मफलर बहिणीच्या हातात दिला. "लोकर चांगली आहे. पिते भरपूर. पण रोज रोज जमणार नाही. एखाद दिवशी नेम चुकेल. मलाच चुकवावासा वाटेल."

मफाल्दानं ओला मफलर छातीशी धरला आणि पहिल्यांदा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, नवऱ्याकडे सरळ पाहिलं. फक्त पाहिलं. आन्येल्लोचा हात खिशात होता. त्यानं तो बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकान बंद ठेवलं. बाक्कोला दुसरं तोंड लावायचं, एवढं त्यानं ठरवलं होतं. पण कुणाचं? ज्याचं लावावं त्याच्या दारात पेले उभे राहणार. जिवंत माणूस तर घेता येत नाही, म्हणून तो मेलेल्यांकडे गेला. आधी डोंगरावरच्या राजवाड्यात, जिथं जुनी चित्रं आहेत. तिथं तीनेकशे वर्षांपूर्वीच्या कुण्या चित्रकारानं बाक्कोचा म्हातारा साथीदार रंगवला होता: उघडा, आडवा पडलेला, पोट पिंपासारखं पुढे, हातातला शिंपला आणखी भरून घ्यायला वर केलेला, आणि मागे एक गाढव त्याच्यावर दात काढून हसतंय. मग खाली येऊन मोठ्या संग्रहालयात. तिथं ज्वालामुखीच्या राखेतून काढलेला काशाचा वनदेव दारूच्या पखालीवर रेलून चुटक्या वाजवत होता. भिंतींच्या तुकड्यांवर नाचणाऱ्या बाया होत्या, डफ होते, द्राक्षांचे घोस होते. संगमरवरी बाक्को होता, पोराच्या खांद्यावर भार टाकून उभा. दोन हजार वर्षं नुसता दंगा चाललेला. आणि मान टाकायची तऱ्हा सगळ्यांची तीच, सोसिओची.

आन्येल्लो काशाच्या त्या वनदेवासमोर बाकावर बसला. याला आधी मातीत कुणी तरी घडवला असणार. कुठल्या तरी जेवणावळीत, टेबलाखाली अंगठा चालवत. तो चुटक्या वाजवणारा आकाशातून पडलेला नव्हे, कुणाचा तरी मेव्हणाच असणार तो. सगळ्यांनी त्याला हसताना पकडला होता. मफलर पिळताना एकानंही नाही.

अंगठा खिशात हलेना. काशाचं तोंड समोर ठेवून त्यानं मातीचा गोळा दाबला, तर बटाटा झाला.

परत येऊन त्यानं अंगणात साचा आणि उरलेले बाक्को ठेवले आणि हातोडीनं फोडले. तूता मावशी कुंपणावरून बघत होती.

"मास्तर, डोकं फिरलं का? आपण जेवतो कशावर?"

"तोंडावर," आन्येल्लो म्हणाला. "दुसऱ्याच्या."

मग त्यानं दाढीचा आरसा खुंटीला टांगला. घरात जिवंत आणि हक्काचं असं एकच तोंड उरलं होतं. मान मागे टाकून, चंबू वर करून तो आरशासमोर बसला आणि हसायचा प्रयत्न करू लागला. एक अडचण होती. त्याला वाइन चढायच्या आधीच पित्त चढत असे, त्यामुळे मजेत पिणाऱ्याचं तोंड कसं होतं हे त्याला आतून ठाऊकच नव्हतं. माती मात्र खरं तेच घेते. भाजून, रंगवून मूर्ती फळीवर ठेवली तेव्हा सगळं होतं, वेलीची पानं, पिंपं, चंबू, लाल गाल, आणि मध्ये आन्येल्लो.

तूता मावशीनं चष्मा लावून पाहिलं. "हा बाक्को की कुणाचं पाकीट मारताना धरलेला? मास्तर, याला दारू नका देऊ. पाद्री बोलवा, याला काहीतरी कबूल करायचंय."

गिऱ्हाइकं मूर्ती हातात घेत आणि खाली ठेवत. एक बाई म्हणाली, "हा रोज बघायचा म्हणजे माझ्या नवऱ्यालाच परत बघणं झालं." आन्येल्लोला त्याचं काही वाटलं नाही. न खपण्यातच त्याला थोडं हलकं वाटत होतं, उपास घडल्यासारखं.

सोसिओला त्यानं सांगितलं नव्हतं. तो आपसूकच पुढे दुकानात आला, फळीकडे पाहिलं, नवी मूर्ती उचलली, उलटी करून तिचा तळ पाहिला, पुन्हा सरळ केली.

"दाजी, मी कुठं आहे?"

"फोडला."

"साचा?"

"साचासुद्धा."

सोसिओ मेंढ्यांच्या स्टुलावर बसला. "मला विचारलंत?"

"तुझ्या भल्यासाठीच—"

"गाडीवर चढवलंत तेव्हा विचारलं नव्हतं. उतरवलंत तेव्हाही नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. "बंदर गेलं, दाजी. पोरगी सालेर्नोला. आता पेलाही गेला. पण नाताळात कुणाच्याही घरी डोकावलं तर मी असायचो. ऐटीत. माझ्या पोरीच्या घरीसुद्धा, तिची आई मला वर्षभर शिव्या घालते, पण देखाव्यात मीच. तेवढं एक होतं."

आन्येल्लोला वाटलं होतं की साचा फुटला म्हणजे एक पाप तरी फुटलं. आता त्याचे दोन तुकडे झालेले दिसले.

"माझ्यामुळे प्यायलास तू," तो म्हणाला. इतकी वर्षं तयार ठेवलेल्या उत्तरांपैकी हे एकही नव्हतं.

सोसिओनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या नाकातून फुस्सकन हवा गेली. जुन्या हसण्याची तेवढीच शिल्लक. "अहो, तुमच्या लग्नात वरातीआधी मी पडलो होतो कोंबड्यांच्या खुराड्यात! ते कुणामुळे? सगळं स्वतःच्या अंगावर ओढून घेऊ नका, थोडं मलाही ठेवा." मग तो गंभीर झाला. "प्यायला लागलो तो माझा मी. पण लोकांच्या हातचा नाकारायचा नाही, हे तुमच्यामुळं. ते तुमचं. खोटं कशाला बोलू?"

"ते माझं," आन्येल्लो म्हणाला.

आन्येल्लोनं बिनखुराची एक मेंढी उचलून सोसिओपुढे ठेवली.

"मग आता तुला काय करू, सांग. विचारतोय."

सोसिओनं फळीवरून नजर फिरवली. राजे, धुणारण, पाववाला, कोळी. वरच्या कोपऱ्यात बोट दाखवलं. "बेनिनो."

"बेनिनो पोरसवदा असतो! कोवळा! लोक हसतील."

"हसू देत. झोपलेल्याच्या तोंडाला कुणी पेला लावतं का, दाजी? बेनिनोला उठवायची छाती आहे कुणाची नेपल्समध्ये?"

आन्येल्लोनं पोत्यांची गादी केली. सोसिओ त्यावर रेलला, टोपी कपाळावर घेतली आणि डोळे मिटले. ऊन दारातून आत येऊन त्याच्या बुटांपर्यंत पोचलं होतं. या वेळी आन्येल्लोनं माती खिशात घेतली नाही. टेबलावर, उघड्यावर घेतली. झोपेत सोसिओचा चेहरा उतरला, गाल सैल पडले, आणि इतक्या वर्षांत न पाहिलेला एक थकवा वर आला. तो करायला अंगठा धजेना. तरी त्यानं केला.

तेवढ्यात एलिजिओ खाटीक, बगलेत बाटली, हातात पेला, गर्जना करत दारात आला. "कुठंय आमचा बाक्को? म्हटलं गर्दीच्या आधी आपणच—"

आन्येल्लोनं ओठांवर बोट ठेवलं. मग त्याच बोटानं टेबलावरचं मातीचं डोकं दाखवलं, मेंढपाळाच्या टोपीतलं, डोळे मिटलेलं. मग पोत्यावरचा सोसिओ.

खाटकाचं तोंड उघडं राहिलं. त्याचा हात दाराच्या लोखंडी कडीकडे गेला. "आईशप्पथ," तो कुजबुजला, "आधी सांगायचं ना, मास्तर! आत्ता सगळं नेपल्स घालवलं असतं मी!" तो चवड्यांवर मागे सरकला. उंबऱ्यावर थबकला. "पण मग बाक्को कोण आता?"

आन्येल्लोनं फळीकडे पाहिलं. खाटकानंही पाहिलं, मूर्तीकडे, मग मास्तरांकडे, मग पुन्हा मूर्तीकडे. आणि आवाज न करता, भक्तिभावानं त्यानं पेला काठोकाठ भरून पुढे केला.

नको म्हणायची सोय नव्हती. खाटकाच्या घरी या वर्षी मुलीचं लग्न होतं. आन्येल्लोनं डोळे मिटून पेला रिकामा केला. आंबट आग छातीतून खाली गेली. डोळे उघडले तेव्हा पोत्यावरच्या बेनिनोचा ओठ एका बाजूनं हलल्यासारखा वाटला. आन्येल्लोनं न पाहिल्यासारखं केलं.

सबंध नाताळ सोसिओ दारापाशी झोपला. खरा किती आणि खोटा किती, ते त्यालाच ठाऊक. लोक आत येताना आवाज खाली करायचे, आया पोरांना गप्प बसवायच्या. म्हातारा बेनिनो बघून तूता मावशी म्हणाली, "याचं स्वप्न असेल तर देखाव्यात जेवण जास्त असणार." तो खपलाही बरा, सालेर्नोलाही एक गेला. आणि पेले येत राहिले, रोज, मास्तरांपुढे. त्या हिवाळ्यात आन्येल्लो सोड्याच्या पुड्या खिशात घेऊन हिंडला, माती ठेवायचा त्याच खिशात. सोसिओला एकदा वाटलं की दाजींनी मफलर वापरावा. त्यानं तो सुचवूनही पाहिला. आन्येल्लो नाही म्हणाला.

घरचा देखावा मफाल्दानं नेहमीसारखा मांडला. वर कपारीत बेनिनो ठेवला आणि त्याच्या अंगावर शेवाळाचा तुकडा पांघरुणासारखा ओढला. मग नवा चिच्ची बाक्को हातात घेतला. त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. आन्येल्लो ताटात न बघता तिच्याकडे बघत राहिला.

तिनं बाक्कोला गाडीवर बसवलं आणि, इतकी वर्षं भावाला करायची तसाच, हलकेच फिरवून पाठमोरा केला.